भोक पाडलेलं नाणं आणि वेस्ट व्हर्जिनिया

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. बायकोच्या नोकरीपायी दीड वर्षापूर्वी आम्ही न्यू जर्सी सोडून वेस्ट व्हर्जिनियात, चार्ल्सटनला आलो. "म्हणजे व्हर्जिनियाच ना? वॉशिंग्टनच्या जवळ?" हे सासूबाईंपासून बँकवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. नाही हो, वेगळं राज्य आहे, १८६३ पासून.

शेजारी एक आजी राहतात, वय ८४. गेल्या आठवड्यात त्यांचं गॅरेज आवरायला गेलो होतो. एका डब्यातून त्यांनी पितळेचं एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. मध्ये इंग्रजी अक्षराच्या आकाराचं भोक, कडेने एका कोळसा कंपनीचं नाव, मागे ५ चा आकडा. म्हणाल्या, "हा माझ्या वडिलांचा पगार." मला वाटलं गंमत करतायत म्हणून मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. या डोंगरांमधून मीठ गेलं, लाकूड गेलं, गॅस गेला, आणि कोळसा तर शंभर-सव्वाशे वर्षं रेल्वेच्या वाघिणी भरभरून गेला. एवढा माल जाऊन इथली माणसं कोरडी कशी राहिली? लायब्ररीतून आणलेली पुस्तकं सेनापती आणि गव्हर्नर यांच्यातच अडकलीत. साध्या माणसांबद्दल कुणी वाचलं असेल, इकडे राहिलं-फिरलं असेल तर लिहा.

एक विनंती: ते 'कंट्री रोड्स' गाणं टाकू नका. इथे लग्नात, मॅचला आणि दातांच्या दवाखान्यात रोज ऐकतोय.

खविस
गाणं टाकायलाच आलो होतो. जातो परत.

अक्कूताई
वाचतेय. खुर्ची पकडून बसले.

पाटीपेन्सिल
आधी राज्य कसं झालं ते सांगतो, कारण पहिली मेख तिथेच आहे.

यादवी युद्धाच्या सुरुवातीला, एप्रिल १८६१ मध्ये, व्हर्जिनियाच्या अधिवेशनाने गुलामीवाल्या दक्षिणेबरोबर संघराज्यातून फुटायचा ठराव केला. पश्चिमेकडच्या डोंगराळ काउंट्यांमधल्या बऱ्याच प्रतिनिधींना तो मान्य नव्हता. त्यांचं दुखणं जुनं होतं. सत्ता पूर्वेच्या मळेवाल्यांच्या हातात, रस्ते-कालव्यांचा पैसा तिकडेच मुरायचा, आणि कर मात्र डोंगरातल्या शेतकऱ्याच्या गाईगुरांवरही. ही मंडळी व्हीलिंगला जमली आणि "खरं व्हर्जिनिया सरकार आम्हीच" असं जाहीर करून मोकळी झाली. फ्रान्सिस पिअरपॉन्ट गव्हर्नर.

आता गंमत बघा. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे एखाद्या राज्यातून नवं राज्य काढायचं तर मूळ राज्याची संमती लागते. ती दिली कुणी? व्हीलिंगच्या याच सरकारने. अर्जदार तोच, मामलेदारही तोच. लिंकनने मंत्र्यांची मतं मागवली, ती निम्मी-निम्मी पडली. शेवटी ३१ डिसेंबर १८६२ ला त्याने सही केली आणि २० जून १८६३ ला ३५ वं राज्य झालं. नाव आधी 'कनॉवा' ठरत होतं, इथल्या नदीवरून. तेच ठेवलं असतं तर डोंगरवाटांच्या सासूबाईंचा घोळ झाला नसता.

शंकासुर
म्हणजे नवरा तोच, भटजी तोच, अक्षता टाकणाराही तोच. :)

पण एक शंका, मूळ धाग्याबद्दल. ते नाणं पगार होतं म्हणता ना? मग ते खर्च का नाही झालं? गरीब माणसाचा पगार ऐंशी वर्षं डब्यात उरतो कसा?

डोंगरवाट
@शंकासुर, हे डोक्यातच आलं नव्हतं. आजी मुलीकडे गेल्यात, आल्या की विचारतो.

तिरपागडे
पाटीपेन्सिल, गोष्ट झकास, पण फार गुळगुळीत झाली. "स्वातंत्र्यप्रेमी डोंगरी माणसं गुलामीविरुद्ध उठली" असं वाचणाऱ्याला वाटेल. नव्या राज्यात घेतलेल्या काउंट्यांपैकी कितीतरी फुटायच्या बाजूच्या होत्या. पूर्वेकडचा तो चिंचोळा पट्टा तर बाल्टिमोर-ओहायो रेल्वेसाठी आत ओढला. आणि हे राज्य गुलामी ठेवूनच संघराज्यात आलं. राज्यघटनेतल्या विली दुरुस्तीप्रमाणे ४ जुलै १८६३ नंतर जन्मलेली मुलं मुक्त, १० वर्षांखालची २१ व्या वर्षी मुक्त, असा हप्त्याहप्त्याचा हिशेब होता. पूर्ण बंदी फेब्रुवारी १८६५ मध्ये.

पाटीपेन्सिल
@तिरपागडे, मान्य. घाईत लिहिलं. तुमच्यात आणखी एक भर घालतो. जुन्या व्हर्जिनियाच्या कर्जातला वाटा नव्या राज्याने उचलायचा की नाही यावर दोन राज्यं दशकानुदशकं कोर्टात भांडली. १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी २४ लाख डॉलर द्यायला लावले, आणि शेवटचा हप्ता फिटला १९३९ ला. वेगळं निघालं ते डोक्यावर बोजा घेऊनच.

मिरजकर_ओहायो
नाण्यावर लिहितो. माझा हात या विषयावर बसलाय, कारण मी ही नाणी गोळा करतो. इकडे त्याला 'स्क्रिप' म्हणतात. मधलं भोक म्हणजे त्या कंपनीचं अक्षर. अंधारात बोटाने चाचपलं तरी कुणाचं आहे ते कळावं आणि दुसऱ्या कंपनीच्या गल्ल्यात खपू नये.

व्यवहार असा चालायचा. खाण कामगाराला पगार दिवसावर नसायचा, टनावर असायचा. खोदलेला कोळसा गाड्यात भरायचा, गाड्यावर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा, वर वजन व्हायचं. वजन करणारा कंपनीचा. दगड निघाला की गाडाच्या गाडा कापायचे. छताला लाकडाचे टेकू देणं, रूळ टाकणं, साचलेलं पाणी उपसणं, हे सगळं फुकट. त्याला 'मेलेलं काम' म्हणायचे. मग पंधरवड्याला हिशेब: घरभाडं वजा, डॉक्टर वजा, सुरुंगाची दारू वजा, दिव्याचं इंधन वजा, हत्याराला धार लावल्याचे पैसे वजा. खाली उरायचं काय? कधीकधी नुसती एक आडवी रेघ.

पगाराच्या तारखेआधी पैसे लागले की कंपनी 'उचल' द्यायची, ती या नाण्यांमध्ये. ती चालायची फक्त कंपनीच्या दुकानात, आणि डोंगराच्या घळीत दुसरं दुकान नसायचंच. रोख करून हवी तर डॉलरमागे कापून द्यायचे.

अक्कूताई
'उचल' शब्द वाचून काटा आला. बीडकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादम देतो तीच की हो.

खविस
आता धागा साखर कारखान्यावर जाणार. तीनशे प्रतिसाद नक्की.

डोंगरवाट
हात जोडतो, नेऊ नका. :)

आडवाटे
मी थोडं उलट बोलतो, मारू नका. रानात, जिथे रस्ता नाही, शाळा नाही, दुकान नाही, तिथे कंपनीने घरं बांधली, चर्च बांधलं, डॉक्टर आणला. मॅकडॉवेल काउंटीतलं गॅरी बघा, यू. एस. स्टीलने वसवलेलं. तिथल्या जुन्या लोकांना त्या दिवसांबद्दल विचारा, डोळे चमकतात. बेसबॉलची टीम होती, बँड होता. इटालियन, हंगेरियन, पोलिश, दक्षिणेतून आलेले काळे कामगार, सगळे एकाच घळीत राहिले. नाण्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण तेव्हा त्या डोंगरात बँक कुठे होती?

मिरजकर_ओहायो
@आडवाटे, गॅरी आणि दोन-चार बऱ्या वसाहती खऱ्या. पण घर नोकरीबरोबर होतं. युनियनचं नाव काढलं की नोकरी गेली आणि त्याच दुपारी बिऱ्हाड रस्त्यावर. रस्तासुद्धा कंपनीचाच! १९२०-२१ ला मिंगो काउंटीत शेकडो कुटुंबं तंबूत राहत होती, ऐन थंडीत. आणि ते "सगळे एकाच घळीत" म्हणता, तर ती मिसळ मालकांनी मोजूनमापून केली होती. एकमेकांची भाषा न कळणारी माणसं एकत्र यायची नाहीत असा हिशेब. तो चुकला ही गोष्ट वेगळी.

सोनचाफा
त्याच मिंगो काउंटीतल्या मेटवानला आम्ही गेलोय! नदीकाठचं एवढंसं गाव, एक रस्ता, मागे रेल्वे. विटांच्या भिंतीत गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. १९ मे १९२० ला कोळसा कंपन्यांनी भाड्याने घेतलेल्या बाल्डविन-फेल्ट्स या खासगी गुप्तहेर एजन्सीचे बंदूकवाले कामगारांची घरं खाली करायला आले. मुलाबाळांसकट सामान पावसात. गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड, वय पंचविशीच्या आसपास, आधी स्वतः खाणीत काम केलेला. त्याने आणि महापौर टेस्टरमनने त्यांना परतीच्या गाडीआधी अडवलं. वॉरंटवरून बाचाबाची झाली, गोळी सुटली, आणि मिनिटाभरात दहा मेले: सात एजन्सीचे, दोन खाण कामगार आणि महापौर.

संग्रहालयातल्या बाईंनी सांगितलेलं सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. गावात एक लाइव्हली नावाचा माणूस उपाहारगृह चालवायचा, युनियनच्या ऑफिसच्या खालीच. सगळे तिथे बसून मनातलं बोलायचे. तो एजन्सीचा हेर निघाला. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर हॅटफिल्डला मारलं, बायकोसमोर, तेव्हा मारणाऱ्यांत हाच लाइव्हली होता. शिक्षा कुणालाच झाली नाही.

तिरपागडे
हॅटफिल्डला देव करू नका एवढंच. पहिली गोळी कुणाची हे आजही वादात आहे, आणि महापौराच्या विधवेशी त्याने दोन आठवड्यांत लग्न केलं. विरोधकांनी त्याचं भांडवल केलं नसतं तरच नवल.

सोनचाफा
@तिरपागडे, देव कोण म्हणतंय? नवऱ्यानेच तिला तसं सांगून ठेवलं होतं असं तिथले लोक म्हणतात. खरंखोटं त्या तिघांना माहीत.

पाटीपेन्सिल
त्या खुनाने ठिणगी पडली. ऑगस्ट १९२१ च्या शेवटी दहा हजारांच्या आसपास खाण कामगार लोगन काउंटीकडे चालत निघाले. वाटेत ब्लेअर माउंटन. वर शेरीफ डॉन चेफिन, मशीनगन, खंदक. या चेफिनला कोळसा मालकांकडून पैसे यायचे हे उघड गुपित होतं. आपली माणसं ओळखू यावीत म्हणून कामगारांनी गळ्यात लाल रुमाल बांधले. कितीतरी जण पहिल्या महायुद्धातून परतलेले, त्यामुळे पहारे, सांकेतिक शब्द, जखमींची सोय, सगळं शिस्तीत. भाड्याच्या विमानांतून घरगुती बॉम्ब टाकले गेले. शेवटी संघराज्याचं सैन्य आलं, आणि कामगारांनी त्या गणवेशावर गोळी झाडली नाही. बंदुका झाडांच्या ढोलीत लपवून घरी गेले.

नेत्यांवर राजद्रोहाचे खटले चालले ते चार्ल्स टाऊनला (तुमचं चार्ल्सटन नव्हे). १८५९ मध्ये गुलामीविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या जॉन ब्राऊनवर खटला चालला ते हेच कोर्ट. ब्राऊन फासावर गेला, कामगारांचा पुढारी बिल ब्लिझर्ड सुटला.

शंकासुर
'रेडनेक' शब्द या लाल रुमालावरून आला ना?

तिरपागडे
नाही. शब्द त्याच्या आधीपासूनचा आहे, उन्हात मान रापलेल्या शेतकऱ्याला म्हणायचे. खाणवाल्यांनी तो रुमालासकट आपलासा केला. व्हॉट्सॲप विद्यापीठाला कळवणे.

डोंगरवाट
एवढी मोठी लढाई आणि इथल्या माझ्या ऑफिसातल्या दोन लोकल मुलांना धड माहीत नाही! शाळेत नव्हतं म्हणाले.

मिरजकर_ओहायो
नसणारच. १९३० च्या दशकात सरकारी योजनेतून या राज्याची मार्गदर्शिका लिहिली जात होती, तर त्यातल्या कामगारांच्या भागावर गव्हर्नर होल्ट यांनीच आक्षेप घेतला. ब्लेअर माउंटनचं नाव २००९ ला राष्ट्रीय वारसा यादीत गेलं, लगेच काढलं, कोर्टबाजी होऊन २०१८ ला परत आलं. दरम्यान डोंगराचं टाळकं उडवून कोळसा काढायचा की नाही याची चर्चा चालूच.

जुनाडॉक्टर
बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

मी १९८३ साली मुंबईहून अमेरिकेत शिकायला आलो आणि नंतर दक्षिण वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा पट्ट्यात एकवीस वर्षं प्रॅक्टिस केली. तिथे का गेलो? कारण अमेरिकन डॉक्टर तिकडे यायला तयार नसत, आणि आमच्या व्हिसाला अशी गावं चालत. एका काउंटीत आम्ही पाच डॉक्टर: मी मराठी, दोन तेलुगू, एक फिलिपिनो, एक पाकिस्तानी. दिवाळीला सगळे एकत्र. पेशंट मला 'डॉक' म्हणत. आडनाव उच्चारायचा प्रयत्न एकाने केला होता, मीच थांबवलं.

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. वय ५२. दारातून खुर्चीपर्यंत दहा पावलं, तेवढ्यात दोनदा थांबले. एक वाक्य बोलायला तीन श्वास. कंपनीच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं 'दमा' आणि 'सिगरेट' लिहिलेलं. तिकडे त्याला ब्लॅक लंग म्हणतात. कोळशाची धूळ फुफ्फुसात बसते ती बसतेच. बेकलीला डॉ. डोनाल्ड रॅसमुसेन नावाचे थोर गृहस्थ होते. नुसत्या एक्स-रेवर निकाल देऊ नका, माणसाला चालायला लावा आणि तेव्हाचा रक्तातला प्राणवायू मोजा, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. एक्स-रे बरा दिसणारा माणूस चालताना निळा पडतो.

ही लढाई कशी जिंकली ते तरुण मंडळींना माहीत असावं. २० नोव्हेंबर १९६८ ला फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ माणसं गेली. त्यानंतर फेब्रुवारी १९६९ मध्ये सुमारे चाळीस हजार खाण कामगार कामावर गेले नाहीत, आणि त्यांची मागणी पगाराची नव्हती, फुफ्फुसांची होती. युनियनचे वरचे नेतेसुद्धा बरोबर नव्हते. रॅसमुसेन, बफ आणि वेल्स हे तीन डॉक्टर गावोगावच्या शाळांच्या हॉलमध्ये जाऊन लोकांना समजावत. डॉ. वेल्स म्हणे वाळलेल्या फुफ्फुसाचा तुकडा हातात चुरून दाखवायचे. राज्याला कायदा करावा लागला, आणि त्याच वर्षी देशाचाही झाला.

मला वाटलं होतं मी निवृत्त होईपर्यंत हा आजार पुस्तकात जाईल. उलट झालं. जाड थर संपले, आता पातळ थरासाठी दगड जास्त कापावा लागतो. दगडात सिलिका. त्यामुळे चाळिशीतली पोरं आजोबांपेक्षा वाईट फुफ्फुसं घेऊन येऊ लागली.

फीचं म्हणाल तर टोमॅटो, हरणाचं मटण, एकदा गोधडी. हरणाचं मटण शेजाऱ्याला, गोधडी अजून अंगावर.

अक्कूताई
डॉक्टरकाका, लिहीत राहा. हळू टाइप करा पण लिहा.

नाखवा
सिलिका निघालंच आहे तर हॉक्स नेस्ट बोगद्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? चार्ल्सटनहून तासाभरावर आहे.

१९३० मध्ये गॉली ब्रिजजवळ न्यू रिव्हरचं पाणी डोंगराखालून वळवायला तीनेक मैलांचा बोगदा काढायला घेतला. वीज हवी होती युनियन कार्बाइडच्या धातू कारखान्याला. मंदीचे दिवस, काम मिळेल तिथे माणसं यायची. बहुतेक मजूर दक्षिणेकडून आलेले काळे. डोंगर निघाला जवळजवळ शुद्ध सिलिकाचा. कंपनीला आनंद, कारण तोही कारखान्यात वापरता येत होता. पाणी मारून खोदलं तर धूळ बसते, पण वेळ जातो, म्हणून कोरडंच खोदलं. पाहणीला येणारे साहेब तोंडावर मास्क लावायचे, मजुरांना नाही. माणसं काही महिन्यांत खंगून मरायला लागली. १९३६ मध्ये संसदेत सुनावणी झाली तेव्हा ४७६ मृत्यूंचा आकडा आला, नंतरच्या एका डॉक्टरांच्या अभ्यासाने ७६४ काढला. नक्की कधी कळणार नाही, कारण आजारी पडले की हाकलून द्यायचे आणि ते आपापल्या गावी जाऊन मरायचे.

कंपनीचं नाव परत वाचा. होय, भोपाळवाली. भोपाळमध्ये जो वायू फुटला तोच या कंपनीच्या इन्स्टिट्यूट नावाच्या गावातल्या कारखान्यात तयार व्हायचा. डोंगरवाट, तुमच्या घरापासून दहा-बारा मैलांवर. भोपाळनंतर "इथे असं होणारच नाही" असं सांगितलं गेलं आणि ऑगस्ट १९८५ ला तिथून दुसरं रसायन गळून १३५ च्या आसपास लोकांवर उपचार करावे लागले.

डोंगरवाट
नाखवा, मी रोज त्या गावावरून ऑफिसला जातो. गावाचं नाव 'इन्स्टिट्यूट' कसं म्हणून हसायचो. तिथे जुनं काळ्या विद्यार्थ्यांचं कॉलेज आहे त्यावरून पडलेलं नाव, एवढंच माहीत होतं.

सोनचाफा
त्याच कॉलेजात कॅथरिन जॉन्सन शिकल्या. नासात यानांचे मार्ग हाताने गणित करून काढणाऱ्या. त्यांच्या गावी काळ्या मुलांना आठवीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी मुलांची सोय इन्स्टिट्यूटला केली. बुकर टी. वॉशिंग्टनही इथलेच म्हणायचे. गुलामीतून सुटल्यावर माल्डनला आले, लहानपणी मिठाच्या भट्टीवर आणि खाणीत राबले. डोंगरवाट, तेही तुमच्या बाजूलाच.

खविस
डोंगरवाट दीड वर्षं तिथे करतात काय?

डोंगरवाट
मीटिंगा.

अक्कूताई
सगळं इतकं जड झालंय, जेवणाचं कुणी लिहा. ही माणसं खाणीत डबा काय न्यायची?

मिरजकर_ओहायो
पेपरोनी रोल! पावाच्या आत पेपरोनीच्या, म्हणजे मसालेदार सॉसेजच्या, कांड्या घालून भाजायचं. तेल आत मुरतं, गरम करावं लागत नाही, एका हातात धरून खाता येतं, दुसऱ्या हातात हत्यार. १९२७ च्या सुमारास फेअरमॉन्टच्या एका इटालियन बेकरीवाल्याने विकायला काढला, आधी तोही खाणीत होता. आता पेट्रोल पंपावरही मिळतो. राज्याच्या बाहेर कुणाला माहीत नाही.

फेअरमॉन्टच्या बाजूला मोनोंगा. ६ डिसेंबर १९०७ ला तिथे अमेरिकेतला सगळ्यात मोठा खाण अपघात झाला. अधिकृत आकडा ३६२, त्यात पुष्कळ इटालियन. जेवणाचं लिहायला बसलो आणि बघा कुठे आलो. या राज्याचं असंच आहे.

नाखवा
वसंतात रॅम्प्स मिळतात का बघा. जंगली लसूण-कांद्याची पात. बटाटा आणि अंड्यात परततात. चव अप्रतिम, वास असा की पूर्वी शाळेतली मुलं ते खाऊन आली की मास्तर घरी पाठवायचे.

जुनाडॉक्टर
मास्तरांचं खरं आहे. माझ्या दवाखान्यात एप्रिल महिन्यात खिडक्या उघड्या असत.

पाटीपेन्सिल
मूळ प्रश्न राहिलाच, की माणसं कोरडी का राहिली. माझं मत: जमिनीच्या कागदात उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाहेरच्या कंपन्यांचे दलाल घोड्यावरून डोंगरात फिरले आणि एकरी थोडेसे पैसे देऊन जमिनीखालच्या खनिजाचे हक्क लिहून घेतले. शेतकऱ्याला वाटलं, शेत तर आपलंच राहतंय. नंतर कळलं की खालचा माल काढायला वरचं शेत खणायचा हक्कही त्यातच गेला. मालक फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बाल्टिमोरला. नफा तिकडे, काळं पाणी इकडे.

आडवाटे
एवढ्यावर भागत नाही. यंत्रंही धरा. १९५० मध्ये युनियनने स्वतःच यंत्रांना मान्यता दिली: कमी माणसं पण चांगला पगार आणि दवाखाने. कोळसा निघत राहिला, माणसं नकोशी झाली. १९५० ला राज्याची लोकसंख्या २० लाखांच्या वर होती, २०२० ला १७ लाख ९४ हजार. मॅकडॉवेल काउंटी तर जवळजवळ ९९ हजारांवरून १९ हजारांवर. कंपनी वाईट, मान्य. पण कंपनी गेल्यावर जे झालं तेही बघा की.

जुनाडॉक्टर
आडवाटे यांच्याशी इथे सहमत. रिकाम्या गावांत शेवटी वेदनाशामक गोळ्या आल्या. चारशे वस्तीच्या कर्मिट गावातल्या एका औषध दुकानात दोन वर्षांत नव्वद लाख गोळ्या पोचल्या, हे इथल्याच एका वार्ताहराने बाहेर काढलं. आम्हा डॉक्टरांपैकीही काहींचे हात त्यात बरबटलेले होते, काही आपल्याकडचेही. जास्त लिहवत नाही.

सोनचाफा
माझी नणंद मॉर्गनटाऊनकडे शाळेत शिकवते. २०१८ च्या फेब्रुवारीत सगळ्या ५५ काउंट्यांतल्या शिक्षकांनी संप केला, नऊ दिवस शाळा बंद. ती सांगत होती, पहिली बैठक मागण्यांवर नव्हतीच. शाळेत जेवण मिळतं म्हणून ज्या पोरांचं पोट भरतं त्यांचं काय, यावर होती. मग सगळ्यांनी चर्चच्या हॉलमध्ये डबे भरले आणि घरोघर पोचवले. कितीतरी जणींच्या गळ्यात लाल रुमाल. ५ टक्के वाढ मिळाली, शिक्षकांनाच नाही तर सगळ्या राज्य कर्मचाऱ्यांना.

शंकासुर
डोंगरवाट, नाणं उरलं कसं ते राहिलं.

डोंगरवाट
विसरलो नाही. आजी काल आल्या. आज सकाळी त्यांच्या ओसरीत बसून विचारलं.

त्यांच्या वडिलांची खाण १९५४ ला बंद झाली. सोमवारी पाटी लागली, आणि कंपनीचं दुकान त्याच आठवड्यात. आईच्या डब्यात ३ डॉलर ४० सेंटची नाणी जमा होती, मुलांच्या बुटांसाठी साठवलेली. बाई घेऊन दुकानात गेली तर मालाच्या पेट्या ट्रकवर चढत होत्या. कारकून म्हणाला, आता यावर मी देऊ काय? तो त्यांच्याच चर्चमधला, चांगला माणूस, त्याला स्वतःलाही काम उरलं नव्हतं. त्याने मुलांना पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या, खिशातून.

मग ते सगळे ओहायोत ॲक्रनला गेले, टायरच्या कारखान्यात. डबा बरोबर गेला. तिथे ही भावंडं त्या नाण्यांनी दुकान-दुकान खेळायची. ॲक्रनची पोरं खोटे कागदी पैसे घेऊन यायची, यांच्याकडे खणखणीत पितळ, त्यामुळे दुकानदार नेहमी आजीच. सांगताना त्यांना आज हसू आलं.

शंकासुर
म्हणून उरलं तर. धन्यवाद.

मिरजकर_ओहायो
डोंगरवाट, कंपनीचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काही नाण्यांना चांगला भाव आहे. आजींना सांगता येईल.

डोंगरवाट
सांगितलं. म्हणाल्या, "त्या दुकानाने घेतलं नाही, आता मी कुणाला देणार नाही."

नाणं मी परत दिलं. त्यांनी त्याऐवजी रॅम्प्सची एक जुडी हातात दिली.

नाखवा
मग? काय केलंत त्याचं?

डोंगरवाट
झुणका. बायको वरच्या मजल्यावर झोपते आहे.